लेम्नॉसवरचा माणूस

तर झालं असं, की गेल्या हिवाळ्यात माझे शनिवार रिकामे पडले. बायको आणि लेक सकाळी पोहायला जातात. मला पाण्याची भीती. त्यामुळे मशीनला कपडे लावायचे आणि उरलेल्या वेळात ऑफिसच्या बग लिस्टकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं, एवढाच कार्यक्रम. आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. वय साठीच्या आसपास, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी हमखास मोठा बग काढणारी. ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "तुला ठरलेल्या वेळी कॉम्प्युटरचं एक बटण दाबता येतं का? आमच्या नाटकाला तसा माणूस हवाय." सतरा वर्षांचा अनुभव, आणि पात्रता काय, तर बटण दाबता येतं! मी हो म्हणून टाकलं.

मी रेडिंगला राहतो. लंडनच्या पश्चिमेला. आयटीतल्या मराठी मंडळींना या गावाची ओळख करून द्यायला नको. इथे गणपती बसतो, दिवाळीला नाटक होतं, आणि त्यात मी दोनदा पडदाही ओढलेला आहे. म्हणजे रंगभूमीचा अनुभव अगदीच शून्य नव्हता. पण ही मंडळी वेगळी होती.

'सर्वसमावेशक नाट्यसंस्था' असं मराठीत लिहिलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो एक गजबजलेला हॉल होता. वीस-बावीस माणसं. काहींना डाउन सिंड्रोम, दोघी कर्णबधिर, एक जण अंध, तिघं व्हीलचेअरवर, दोघं-तिघं ऑटिस्टिक, आणि उरलेले माझ्यासारखे, ज्यांच्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही. कोपऱ्यात चहाची किटली आणि बिस्किटांचा डबा. बिस्किटांवरून दर शनिवारी भांडण. (हे मात्र अगदी आपल्या हौशी नाटकांसारखंच.)

नाटक होतं सोफोक्लिसचं 'फिलोक्टेटीस'. माझं ग्रीक शोकांतिकांचं ज्ञान पुलंच्या 'राजा ओयदिपौस'पाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं, त्यामुळे घरी येऊन वाचायला बसलो. इसवी सनापूर्वी ४०९ साली अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवातल्या स्पर्धेत हे नाटक पहिलं आलं. तेव्हा सोफोक्लिसचं वय ऐंशीच्या पुढे होतं. (आपल्याकडे पस्तिशीत आर्किटेक्ट झालं की लोक कोड लिहायचं सोडतात.)

गोष्ट थोडक्यात अशी. ट्रॉयच्या लढाईला निघालेल्या ग्रीकांपैकी फिलोक्टेटीस नावाच्या योद्ध्याला वाटेत एका देवस्थानापाशी साप चावतो. पाय सडतो, जखमेला घाण वास येतो, आणि मधूनमधून अशी कळ येते की तो किंचाळतो. ओडिसियस त्याला लेम्नॉस बेटावर घेऊन येतो, आणि तो झोपलेला असताना तिथेच सोडून आरमार पुढे निघून जातं. सोबत काय, तर चार चिंध्या, थोडं अन्न आणि त्याचं धनुष्य. हे धनुष्य मात्र साधं नाही. हेराक्लिसचं आहे, नेम न चुकणारं. युद्ध दहाव्या वर्षात येतं तरी ट्रॉय काही पडत नाही. मग शत्रूचा एक पकडलेला भविष्यवेत्ता सांगतो, की फिलोक्टेटीस आणि ते धनुष्य आल्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. झालं! ज्याला टाकून दिलं त्यालाच न्यायला ओडिसियस परत येतो. पण स्वतः पुढे होत नाही, कारण दिसला तर पहिला बाण त्यालाच. तो अकिलीसच्या तरुण मुलाला, निओप्टोलेमसला पुढे करतो. खोटं बोल, विश्वास मिळव, धनुष्य घे. पोरगा आधी कुरकुरतो, मग तयार होतो. खोटं बोलतो, विश्वास मिळवतो, धनुष्य हातात येतं. पण तोवर त्या माणसाची कळ त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. तो खरं सांगून टाकतो, आणि शेवटी ओडिसियसच्या नाकावर टिच्चून धनुष्य परत देतो.

एस्किलस आणि युरिपिडीस या दोघांनीही याच विषयावर नाटकं लिहिली होती. ती आता उपलब्ध नाहीत, पण त्यांत कोरस लेम्नॉसच्या रहिवाशांचा होता, हे जुन्या वर्णनांवरून कळतं. सोफोक्लिसने काय केलं, तर बेट निर्मनुष्यच करून टाकलं. खरं लेम्नॉस वस्तीचं होतं, आणि अथेन्सच्या प्रेक्षकांना ते चांगलं ठाऊक होतं. म्हाताऱ्याने एकटेपणा मुद्दाम वाढवला.

आमच्या दिग्दर्शिकेचं म्हणणं असं, की ग्रीक नाटक या मंडळींसाठीच लिहिल्यासारखं आहे. मला आधी ते भाषण वाटलं, पण तालमी बघता बघता पटत गेलं. अथेन्सचं डायोनिससचं नाट्यगृह अॅक्रोपोलिसच्या उतारावर, उघड्यावर. प्रेक्षक हजारोंनी. नटांच्या चेहऱ्यावर मुखवटे. मागच्या रांगेतून कोण काय करतंय ते नीट दिसणार कसं? म्हणून पात्रं सगळं बोलून दाखवतात. कोण आलं, कसा चालतोय, हातात काय आहे. खून वगैरे पडद्याआड होतो आणि दूत येऊन साग्रसंगीत वर्णन करतो. अंध प्रेक्षकासाठी वेगळं काही करायलाच नको. आतलं दृश्य बाहेर आणायला त्यांच्याकडे चक्क चाकांचा फळा होता. आमचा व्हीलचेअरवरचा कोरस हे ऐकून भलताच खूश झाला.

आणि स्टेज. आमच्या हॉलला स्टेज होतं, पण त्याला पाच पायऱ्या. रॅम्प बसवायचा अर्ज करून झालेला, उत्तर यायचं होतं. तेव्हा ठरलं, की नाटक खाली जमिनीवर करायचं आणि प्रेक्षकांनी तिन्ही बाजूंनी बसायचं. ग्रीकांचा कोरस तरी कुठे स्टेजवर होता? तो खाली वर्तुळातच नाचायचा. पाच पायऱ्या फक्त देवाला, म्हणजे शेवटी प्रकटणाऱ्या हेराक्लिसला. तो डाउन सिंड्रोम असलेला, पंचविशीतला, धिप्पाड मुलगा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मी देव आहे. तू कोण?" मी म्हणालो, "बटण." "छान," तो म्हणाला.

इंग्लंडात असा रंगमंच नवा नाही. 'ग्रेआय' ही नाट्यसंस्था नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी १९८० मध्ये काढली. नावही ग्रीक पुराणातलंच. तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात वापरणाऱ्या बहिणींचं. याच संस्थेने २००२ मध्ये केट ओ'रायलीचं 'पीलिंग' केलं. त्यात तीन नट्या 'ट्रोजन विमेन'च्या कोरसमध्ये मागे उभ्या असतात. कर्णबधिर आणि अपंग असल्यामुळे आपल्याला कायम मागेच का ठेवतात, यावर त्यांच्या आपापसात गप्पा चालतात. संस्थेची दिग्दर्शिका जेनी सिली स्वतः कर्णबधिर. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याची ती सहदिग्दर्शक होती. दुभाषी कोपऱ्यात उभा करायचा आणि आपलं नाटक आपण नेहमीसारखं करायचं, हे या लोकांना मान्य नाही. खुणांची भाषा, कॅप्शन, वर्णन, हे सगळं नाटकातच विणलेलं पाहिजे.

तर ते विणण्याचं काम माझ्याकडे आलं. कॅप्शन. गुहेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने संवाद उमटवायचे. गुहेवरून आठवलं, नाटकाच्या सुरुवातीला ओडिसियस त्या गुहेचं वर्णन करतो. दोन तोंडं, थंडीत दोन्हीकडून ऊन, उन्हाळ्यात वाऱ्याची झुळूक, खाली पाण्याचा झरा. अगदी पुण्यातल्या एजंटासारखं! टाकून द्यायचं ते तरी चांगल्या जागेत, असा त्याचा सूर.

पहिल्या वाचनाच्या वेळी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ओडिसियस (निवृत्त शिक्षक, खणखणीत आवाज) आपण याला इथे का सोडलं ते सांगत होता. एक तर वरिष्ठांचा हुकूम होता. आणि दुसरं, याच्या ओरडण्यामुळे आम्हाला नैवेद्य दाखवता येईना, आहुती देता येईना, सगळ्या छावणीत तो अशुभ आवाज. टाईप करता करता माझा हात थांबला.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जन्माच्या वेळी अडचण झाली आणि सेरेब्रल पाल्सी राहिली. हातपाय त्याचं ऐकत नाहीत, बोलणं सवय नसलेल्याला कळत नाही. डोकं मात्र लख्ख. मी अकरावीत असताना आमच्या साताऱ्याच्या घरी ताईला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळी आई साडीच्या निऱ्या काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला दोन तास समोरच्या काकूंकडे बसवून ये." मी त्याला उचलून नेलं. काकूंनी त्याला आतल्या खोलीत बसवायला सांगितलं, कारण बाहेरची खिडकी आमच्या दाराच्या बरोबर समोर होती आणि दादाला आनंद झाला की तो मोठ्याने आवाज काढतो. निघताना तो मला म्हणाला, "पोहे आण." मला ते स्पष्ट समजलं. मी हो म्हणालो.

आणि विसरलो. पाहुणे बसले, गेले, घरात चर्चा सुरू झाली. दादाला आणायला बाबा गेले ते संध्याकाळी पाच वाजता. ते स्थळ काही जमलं नाही. पत्रिका जुळत नव्हती म्हणे.

आता कुणी म्हणेल, त्या काळी सगळीकडे असंच असायचं, आई तरी काय करणार. खरंय. आईला मी दोष देत नाही. वरिष्ठांचा हुकूम होता.

ग्रीकांना हे सगळं नवीन नव्हतं. त्याच अथेन्समधलं, या नाटकानंतर थोड्याच वर्षांनी लिहिलेलं लिसिअसचं एक भाषण टिकून राहिलंय. एका अपंग माणसाने नगरसभेसमोर केलेला बचाव. अथेन्स तेव्हा काम करू न शकणाऱ्या गरीब अपंगांना रोज एक ओबोल देत असे, आणि त्यासाठी तपासणी होत असे. कुणीतरी तक्रार केली, की हा माणूस घोड्यावर बसतो, म्हणजे धडधाकट आहे. तो उत्तर देतो, घोडा उसना आहे, पैसे असते तर आरामशीर खोगिराचं खेचर घेतलं असतं. आणि इतरांना एक काठी लागते, मी दोन वापरतो, तेही मी सुदृढ असल्याचं लक्षण म्हणणार का? हे वाचून मी एकटाच हसलो, आणि मग दादाचं प्रमाणपत्र आठवलं. बाबांनी त्याला तीन वेळा पाठीवर घेऊन एका दवाखान्याचा जिना चढला होता. अपंगांच्या तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.

असो. कॅप्शनकडे येतो.

आमचा फिलोक्टेटीस पन्नाशीचा, व्हीलचेअरवर. त्यालाही सेरेब्रल पाल्सी, आणि त्याचंही बोलणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळत नाही. दिग्दर्शिकेने मला हळूच विचारलं, फक्त त्याच्या संवादांना कॅप्शन द्यायचं का? त्याने ते ऐकलं. "सगळ्यांना," तो म्हणाला, "नाहीतर कुणालाच नाही." मग सगळ्यांनाच. कोरसमधल्या दोघी कर्णबधिर मुलींना तर ओडिसियसचा खणखणीत आवाजही काही उपयोगाचा नव्हताच.

मी इंजिनियर. दर वाक्याला हाताने बटण दाबणं मला कमीपणाचं वाटलं. दोन रात्री जागून एक प्रोग्रॅम लिहिला. आवाज ओळखायचा, संहितेशी ताडून बघायचा, कॅप्शन आपोआप पुढे सरकवायचं. तालमीत मोठ्या थाटात लावला. ओडिसियसचं त्याला सगळं समजलं. मग फिलोक्टेटीसने गुहेतून बाहेर येऊन आपल्या दहा वर्षांची कहाणी सांगितली, सलग तीन मिनिटं, आणि भिंतीवर एकच शब्द उमटला. 'बटाटे'.

सगळा हॉल हसला. सर्वात जास्त तो स्वतः. हसून हसून त्याची खुर्ची हलायला लागली. मग डोळे पुसून मला म्हणाला, "तू ऐक."

मी ऐकायला लागलो. सोपं नव्हतं. त्याचं प्रत्येक वाक्य दर वेळी वेगळ्या लांबीचं. कधी एका शब्दापाशी अडकून अर्धं मिनिट जायचं, कधी पुढचे चार शब्द एका श्वासात. बटण लवकर दाबलं की तो बोलायच्या आत लोक वाचून मोकळे. त्याने कष्टाने आणलेला शब्द मी आधीच फोडून टाकल्यासारखा. उशीर झाला की कर्णबधिर प्रेक्षक मागे. हळूहळू कळायला लागलं, की वाक्याआधी त्याची मान डावीकडे वळते. 'स' येत नाही, त्या जागी श्वास असतो. मुद्द्याचा शब्द तो नेहमी सावकाश घेतो. तीन आठवड्यांनी मला संहितेकडे न बघता त्याचं बोलणं कळू लागलं.

मधल्या काळात मी एक बदमाशी करायचो. चहाच्या वेळी तो काही सांगायचा, मला कळायचं नाही, आणि मी हसून "हो, हो" करायचो. एकदा त्याने खुर्ची वळवून माझ्यासमोर आणली. "मी आत्ता काय म्हणालो?"

मी गप्प.

"नाही कळलं तर नाही म्हण. खोटं हो म्हणू नकोस."

घरी येताना बसमध्ये ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. लहानपणी मी दादाचा दुभाष्या होतो. डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळे त्याच्याकडे बघून मला विचारायचे, "काय म्हणतोय?" आणि मी सांगायचो. मग इंजिनियरिंगला गेलो, मग नोकरी, मग २००८ साली ऑनसाईट. सहा महिन्यांसाठी आलेलो तो इथलाच झालो. फोनवर दादा बोलायचा आणि आई शेजारी बसून मला सांगायची. माझी भाषा गंजत गेली, ते मला कळलंही नाही, कारण आई होती. दोन वर्षांपूर्वी आई गेली. दादा आता पुण्याला ताईकडे असतो. ताईला त्याचं निम्मं कळतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. दादा बोलतो, मी "हो, हो" म्हणतो, हसतो, मग लेकीला स्क्रीनसमोर उभी करतो. वीस मिनिटांचा कॉल आता सहा मिनिटांवर आला होता.

दोन वर्षं मी त्याला खोटं हो म्हणत होतो. निओप्टोलेमसने निदान एका दिवसात कबूल केलं.

त्या रविवारी मी दादाला म्हणालो, "दादा, तुझं बोलणं मला आता नीट कळत नाही. बरेच दिवस झाले. मी नुसतं हो म्हणत होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकच शब्द म्हणाला. तो मात्र मला लगेच कळला. "माहितीये."

मग मी त्याला नाटकाची गोष्ट सांगितली, सापापासून सगळी. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने काहीतरी विचारलं. मी म्हणालो, नाही कळलं. त्याने परत विचारलं. नाही कळलं. तिसऱ्यांदा त्याने तोडून तोडून म्हटलं आणि मला कळलं. "दहा वर्षं तो खायचा काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. उत्तर नाटकातच आहे. तो धनुष्याने कबुतरं मारायचा, आणि पडलेलं पाखरू आणायला पाय ओढत सरपटत जायचा. मी आठ शनिवार ते वाक्य भिंतीवर दाखवत होतो. पण धनुष्य म्हटलं की माझ्या डोक्यात ट्रॉय यायचं. युद्ध जिंकून देणारं हत्यार. ओडिसियसला दिसतं तसंच मलाही दिसत होतं. दादाला पहिल्या फटक्यात कळलं की ते त्या माणसाचं जेवण आहे. ते काढून घेणं म्हणजे फसवणूक तर आहेच, पण त्याआधी ती उपासमार आहे. ज्याचा प्रत्येक घास दुसऱ्याच्या हातून येतो, त्याला ते दिसणारच.

पुढच्या शनिवारी मी हे तालमीत सांगितलं. निओप्टोलेमस झालेल्या मुलाने त्या दिवसापासून धनुष्य धरायची पद्धत बदलली. आधी तो ते ट्रॉफीसारखं उंच धरायचा.

शेवटाकडे येता येता मोठं भांडण झालं. मूळ नाटकात धनुष्य परत मिळाल्यावरही फिलोक्टेटीस ट्रॉयला जायला तयार होत नाही. निओप्टोलेमस हरतो आणि म्हणतो, चल, तुला तुझ्या घरी सोडतो. तेवढ्यात वरून हेराक्लिस प्रकटतो आणि आज्ञा करतो. ट्रॉयला जा, तिथे तुझा पाय बरा होईल, तू जिंकशील.

"म्हणजे मी दीड तास ओरडायचं," फिलोक्टेटीस म्हणाला, "आणि शेवटी मला बरं करून टाकायचं. प्रेक्षकांना हायसं वाटावं म्हणून?" कर्णबधिर मुलींपैकी एकीने हातांनी जोरजोरात सांगितलं, की तिला आयुष्यभर लोक बरं करायला निघालेत आणि तिला काही झालेलंच नाहीये. कापा तो शेवट. मग आमचा अंध नट म्हणाला, "पण त्याला कळ येते. न दिसणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मला दाढदुखी झाली तर मला डॉक्टर हवा." यावर सगळे थोडे गप्प झाले. फिलोक्टेटीससुद्धा. त्याचे स्नायू रात्री आखडतात आणि तो झोपत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात पायरीवर बसलेला हेराक्लिस उभा राहिला. "माझी एन्ट्री कापायची नाही. मला एकच आहे."

एन्ट्री राहिली. आणि नीट बघितल्यावर लक्षात आलं, की सोफोक्लिसही हुशार आहे. बरं होणं हे फक्त वचन आहे, रंगमंचावर ते घडतच नाही. नाटक संपतं तेव्हा फिलोक्टेटीसचा पाय तसाच आहे, आणि तो निरोप घेतोय त्या गुहेचा, झऱ्यांचा, समुद्राच्या आवाजाचा. ज्या जागेत त्याला टाकलं ती त्याची झाली होती. आम्ही तिथेच थांबायचं ठरवलं.

आणखी एक प्रश्न उरला होता. किंकाळीचं कॅप्शन काय? कळ येते तेव्हा तो ओरडतो. नुसतं 'वेदनेने ओरडतो' असं कंसात लिहिलं, तर कर्णबधिर मुली म्हणाल्या, हे तर आम्हाला दिसतंच आहे, ऐकू काय येतं ते सांग. मी मूळ ग्रीक उघडून पाहिलं. सोफोक्लिसने तिथे शब्दच लिहिलेले नाहीत. 'पा' या अक्षराची लांबच लांब रांग आहे, वृत्तात बसवलेली. फिलोक्टेटीसला दाखवलं तर तो खूश. "बघ, कॅप्शन आधीच तयार आहे. चोवीसशे वर्षं." मी भिंतीवर एकेक 'पा' त्याच्या श्वासाबरोबर उमटवायचं ठरवलं. सगळ्यात अवघड बटण तेच होतं.

मे महिन्यात तीन प्रयोग झाले. शनिवारी दुपारी अडीचचा होता, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. माझ्या टेबलावर मी फोन उभा करून ठेवला. पलीकडे दादा. इंग्रजी तो टीव्हीवरच्या सबटायटल्सवरून शिकलाय, त्यामुळे कॅप्शन वाचता येणार होतं. फोनचा आवाज बंद करायचा मी विसरलो.

कळ आली. भिंतीवर 'पा' उमटत गेले, थांबले. फिलोक्टेटीस खुर्चीतच वाकून निपचित झाला. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत माझ्या फोनमधून दादाचा आवाज आला. मोठा, लांबलचक, त्याचा तो आवाज.

लोक वळले. माझा हात आपोआप फोनकडे गेला. आवाज बंद करायला. बटणापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. काकूंची आतली खोली माझ्या डोळ्यांसमोर आली, दुसरं काही नाही. मी हात मागे घेतला.

फिलोक्टेटीसने डोळे उघडले, आवाजाच्या दिशेने बघितलं, आणि तो पूर्ण संपेपर्यंत थांबला. मग त्याची मान डावीकडे वळली. मी बटण दाबलं. नाटक पुढे सुरू झालं.

संपल्यावर हेराक्लिस आधी माझ्या टेबलापाशी आला आणि फोनमध्ये वाकून म्हणाला, "हॅलो, मी देव आहे." दादा इतका हसला की ताईला फोन धरावा लागला. मग मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन त्याच्याशी बोललो. पोह्यांचं मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारेन. त्या दिवशी त्याला दुसरंच काही सांगायचं होतं. मी दोनदा म्हणालो, नाही कळलं, परत सांग. तिसऱ्यांदा कळलं.

निओप्टोलेमस धनुष्य परत देतो, तिथलं तुझं कॅप्शन उशिरा आलं.

बघितलं तर खरंच उशिरा आलं होतं. रविवारच्या प्रयोगाआधी फिक्स केलं.